फक्त लोरेटाचा कॉम्प्युटर चालतोय

सोमवारी सकाळी आठ वाजता अमेरिकेतल्या एका काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, समाजकल्याण कचेरीतले बावीस कॉम्प्युटर चालू झाले आणि बावीसही स्क्रीन कोऱ्या निघाल्या. चौकटी होत्या, निळी-हिरवी बटणं होती, पण अक्षर म्हणाल तर एक नाही.

"ड्वेन!" मार्लीन किंचाळली. तिच्या हातातला डोनट कीबोर्डवर पडला. "माझे सगळे लोक गेले रे!"

कचेरीचा प्रमुख ड्वेन क्रेब्स धावत आला. "बंद करून चालू करा," तो म्हणाला. एकोणीस वर्षांच्या नोकरीत त्याने दिलेला हा एकुलता एक तांत्रिक सल्ला. सगळ्यांनी बंद करून चालू केलं, पुन्हा कोरंच. बाहेर हाडं गोठवणाऱ्या थंडीत सरकारी फूड कार्डावर धान्य घेणारे आणि घर गरम ठेवायच्या खर्चाला मदत मागायला आलेले लोक दार उघडायची वाट बघत होते, आणि ड्वेनच्या तोंडचं पाणी पळालं.

एवढ्यात कोपऱ्यातून कीबोर्डची टकटक ऐकू आली. तिथे लोरेटा बिक्सबी बसली होती. लोरेटा जन्मापासून आंधळी, आणि बावीस वर्षं कचेरीतली सगळ्यात चलाख बाई. तिच्या कॉम्प्युटरमध्ये स्क्रीन वाचून दाखवणारा आवाज होता. पण दीड वर्षापूर्वी नवं सॉफ्टवेअर आलं आणि त्या आवाजाला एकच शब्द उरला. "बटण. बटण. बटण." कुठलं कशाचं, याचा पत्ता नाही. लोरेटाने मोजून पाठ केलं: सातवं जतन करायचं, नववं पत्ता बदलायचं. मग कंपनीने गुपचूप मध्येच एक बटण वाढवलं आणि पत्ता बदलायला गेलेल्या एका धडधाकट म्हाताऱ्याची लोरेटाच्या हातून 'मयत' म्हणून नोंद झाली. तो स्वतः भांडायला आला, तेव्हा ती ढसाढसा रडली होती.

ड्वेनने मग तिची बदली फोन घ्यायच्या कामावर केली. ती याच सोमवारी दुपारी बारा वाजता आपोआप लागू व्हायची होती. तिच्या तीनशे फायली इतरांना, आणि तिला दिवसभर "कृपया थांबा" म्हणायचं काम. "तुझ्या भल्यासाठीच," असंही तो म्हणाला होता, आणि ते तिला जास्त लागलं होतं.

"लोरेटा, तुझं चालतंय?" मार्लीनने विचारलं.

"चालतंय काय, बोलतंय!" लोरेटा ओरडली. "'अर्जदाराचं नाव' म्हणालं. 'जतन करा' म्हणालं! कोणी माझी चेष्टा करत नाहीये ना?"

ड्वेनने कंपनीला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"रविवारी आम्ही अंधांसाठी दुरुस्ती केली, सर," तिकडची बाई म्हणाली. "काही शब्द फक्त त्या आवाजाला कळावेत, डोळ्यांना दिसू नयेत, अशी एक सोय असते. ती... सगळ्याच शब्दांना लागली वाटतं."

"तुम्ही सगळी कचेरी आंधळी केलीत!"

"दुपारपर्यंत होईल. आणि सर, तुमच्याकडून तर आजवर एकही तक्रार नाही."

"मी दिलीय," कोपऱ्यातून लोरेटा म्हणाली. "तेरा महिने झाले."

"यांनीच हरवली असणार!" ड्वेन फोन आपटून म्हणाला.

दार उघडावं लागलंच. सगळी रांग लोरेटाच्या टेबलाकडे वळली. मार्लीन टोकन वाटायला, ड्वेन खुर्च्या उचलायला.

"एवढी माणसं असून एकच टेबल चालू?" ओपल हचिन्स नावाच्या आजीबाईंनी विचारलं.

"बाकीच्यांना दिसत नाही, आजी," लोरेटा म्हणाली.

"अरेरे," आजीबाई म्हणाल्या आणि ड्वेनच्या दंडावर मायेने थोपटलं.

पावणेबाराला ड्वेन तिच्या कानाशी वाकला. "ती बदली... थांबवायला हवी. माझ्या खात्यातूनच थांबते. पण मला काहीच दिसत नाही."

"बस इथे. तुझा पासवर्ड टाक."

त्याने टाकला. ऐकू यावं म्हणून लोरेटाने हेडफोनची वायर उपटली आणि भर कचेरीत आवाज घुमला: "न उघडलेले अर्ज, एक. लोरेटा बिक्सबी यांची तक्रार. तेरा महिने. 'नंतर पाहू', चार वेळा."

मार्लीनचा दुसरा डोनट पडला. ड्वेनचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढराफटक.

"लोरेटा, मी..."

"आठ मिनिटं उरलीत," ती म्हणाली. तिची बोटं कीबोर्डवर चालूच होती. "तक्रार कंपनीला पाठवू?"

"पाठव."

"आता बदली रद्द. कारण विचारतंय. बदली करताना तू लिहिलं होतंस, 'कर्मचाऱ्याला स्क्रीन दिसत नाही.' तेच ठेवू?"

"ठेव," ड्वेन पुटपुटला.

तीन वाजता अक्षरं परत आली. टाळ्या पडल्या, मार्लीनने तर स्क्रीनला मिठी मारली. गलबल्यात लोरेटाच्या कॉम्प्युटरचा आवाज कोणाला ऐकूच आला नाही. "बटण. बटण. बटण." तिने कीबोर्डवरून हात काढले आणि मांडीत ठेवले.

ड्वेनला ते हात दिसले. त्याने पुन्हा कंपनीला फोन लावला.

"बिघडलंय."

"आत्ताच दुरुस्त केलं, सर! दिसत नाहीये का?"

"दिसतंय. पण कचेरीला वाचता येत नाहीये."

"मग रीतसर तक्रार..."

"बारा वाजता पाठवलीय."

"रांगेत असेल, सर. थांबावं लागेल."

"थांबतो," ड्वेन म्हणाला. त्याने रांगेतली एक खुर्ची ओढली आणि फोन कानाला लावून लोरेटाशेजारी बसला.

लोरेटाने चाचपडून डोनटचा डबा त्याच्याकडे सरकवला.

"पहिला महिना जड जातो," ती म्हणाली.