वर ओढणारा कॉम्प्युटर

आमच्या खोडदचे दगडूभाऊ कुठलीही वस्तू घेताना आधी तिचे दात बघतात. आता टेबलफॅनला कुठले आलेत दात, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. नारायणगावच्या दुकानात भाऊंनी पंख्याच्या पात्यांवरून बोट फिरवलं, पाठीवर थाप मारली, भोवती दोन चकरा मारल्या आणि दुकानदाराला म्हणाले, "जरा चालवून दावा." पंखा सुरू झाला. भाऊ त्याच्यासमोर मांडी घालून अर्धा तास बसले. मग "तापट हाय" म्हणाले आणि उठले. चौथ्या दुकानात त्यांना एक गरीब स्वभावाचा पंखा मिळाला, तेव्हा कुठे माझी सुटका झाली. अहो, बेल्ह्याच्या बैलबाजारात लहानाचा मोठा झालेला माणूस! त्यांच्या लेखी जगात जे जे विकत मिळतं ते सगळं बैल.

मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवतो आणि भाऊंच्या शेजारच्या खोलीत भाड्यानं राहतो. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक खरेदीत माझी वरात निघते. पण दोन हजार दोन-तीनच्या सुमाराला त्यांनी जी खरेदी काढली, तशी आपल्या जुन्नर तालुक्यात आजवर कुणी काढली नसेल, हे मी पैजेवर सांगतो. भाऊंना पाण्याखाली वापरायचा कॉम्प्युटर घ्यायचा होता!

हसू नका. त्यांचा धंदाच पाण्याखालचा. आमच्याकडे विहिरीत मोटार सोडलेली असते. कधी पाइप निसटतो, कधी तार तुटते आणि मोटार जाते तळाला. तिकडे पीक वाळायला लागतं. मग लोक धावत दगडूभाऊंकडे येतात. भाऊ कमरेला दोर बांधायचे, छातीत दम भरायचे आणि थेट खाली. तळाशी चाचपून मोटारीला फास लावायचे की मग चार गडी ती वर खेचायचे. पंचवीस वर्षांत त्यांनी किती मोटारी काढल्या असतील देव जाणे. नाव दगडू असूनही माणूस दर वेळी वर आला.

वर यायचा तो मात्र शिव्या देत. भाऊंच्या कमरेच्या दोराचं दुसरं टोक कायम सुभद्रावहिनींच्या हातात असायचं. अंगानं काडीसारखी बाई, कठड्याशी फतकल मारून बसायची आणि मनात येईल तेव्हा भाऊंना ओढून घ्यायची. भाऊंचं डोकं पाण्याबाहेर आलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "एवढ्यात वढलं? आगं, मोटारीला हात लागला व्हता माझा! दम व्हता ना आजून!" वहिनी शांतपणे दोर गुंडाळायच्या आणि म्हणायच्या, "मंग जावा परत." हा तमाशा बघायला विहिरीवर निम्मं गाव जमायचं.

वहिनी गेल्या त्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. त्यानंतर भाऊ एकदाच विहिरीत उतरले. दोर धरायला दोन तरणे गडी होते. भाऊ आपले आपण वर आले, कमरेचा दोर सोडला आणि एक शिवीसुद्धा न देता घरी गेले. तेव्हापासून बुडी बंद. कुणी बोलवायला आलं की म्हणायचे, "सामान येऊ द्या. सामानाबिगर न्हाई उतरायचा." पुन्हा उतरणार की नाही, हाच गावापुढचा प्रश्न होता. कारण दुसरा असा बुडी मारणारा आमच्या पंचक्रोशीत नव्हता.

सामानाचं खूळ आलं येडगावच्या धरणावरून. तिथं दरवाजे तपासायला मुंबईचे पाणबुडे आले होते. भाऊ दोन दिवस त्यांच्या मागे मागे. जाताना त्यांच्यातल्या एकानं एक जुनी हवेची टाकी आणि तोंडात धरायची नळी भाऊंना विकली आणि वर एक इंग्रजी कॅटलॉग फुकट दिला. तो कॅटलॉग घेऊन भाऊ माझ्या खोलीत आले ते धापा टाकतच.

"सर, ह्ये वाचा! ह्ये काय म्हनतंय बगा!"

मी वाचलं आणि खरं सांगतो, माझीही झोप उडाली. हातात मावेल एवढं यंत्र. तुम्ही किती खोल आहात, किती वेळ आहात, वर येताना कुठं थांबायचं, सगळं सांगतं. आणि त्यातली जी खास जात होती ती टाकीशी जोडलेली. टाकीत हवा किती उरली आणि तुम्ही ज्या वेगानं श्वास घेताय त्या हिशेबानं ती किती मिनिटं पुरेल, हेही ती दाखवायची.

भाऊ उडालेच. "म्हंजी माझा दम किती राह्यला त्ये त्याला कळतं?"

"कळतं!"

"आयला! परत वाचा!"

तो कॅटलॉग मी त्यांना किमान पन्नास वेळा वाचून दाखवला असेल. दोन प्रकार होते. एकात कॉम्प्युटर टाकीला रबरी नळीनं बांधलेला. दुसरा बिनतारी, टाकीवर एक बोंडाएवढं यंत्र बसवायचं, ते लहरी सोडणार आणि मनगटावरच्या घड्याळात आकडा उमटणार. नळीवाला घ्यावा की बिनतारी, यावर आम्ही दोन महिने भांडलो. मी बिनतारीच्या बाजूचा. भाऊ म्हणायचे, "दाव्याबिगर जनावर ठेवायचं म्हंजी कवा पळंल नेम न्हाई." कधी उलट, "पर नळी पायात आली म्हंजी?" रस्त्यात गाठून लोक विचारायला लागले, "काय भाऊ, नळी का बिननळी?"

त्यात भाऊंच्या डोक्यात नवीनच किडा शिरला. आमच्या गावाला आकाशाचा कानोसा घेणाऱ्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या मोठमोठ्या तबकड्या आहेत. आसपास उगाच लहरी सोडू नयेत, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. भाऊ थेट तिथल्या फाटकावर जाऊन उभे. सोबत अर्थात मी. "माझ्या टाकीची हवा तुमच्या तबकडीत दिसंल का?" रखवालदारानं माझ्याकडे पाहिलं, मी आभाळाकडे पाहिलं. शेवटी आतून एक भले साहेब आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हसले आणि म्हणाले, "बिनधास्त घ्या भाऊ. विहिरीच्या तळातून आमच्यापर्यंत काही पोचायचं नाही."

मला वाटलं, भाऊ खूश होतील. परत येताना मात्र मध्येच थांबले. म्हणाले, "म्हंजी खाली काय बी झालं तरी वर कुनाला कळायचं न्हाई."

शेवटी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मुंबई गाठली. टाकी पोत्यात गुंडाळून सोबत घेतली होती. दुकान असं चकचकीत की चपला बाहेर काढाव्यात की काय असं वाटलं. भाऊंनी काढल्याच. विक्रेता मुलगा मोठा गोड. त्यानं आमची टाकी तपासून हवा भरून दिली आणि काचेवर पाच कॉम्प्युटर मांडले. मी तर काचेला नाकच लावलं हो! दोन महिने चित्रात पाहिलेलं समोर!

भाऊंनी एकेक उचलला, पालथा केला, पट्टा ओढून पाहिला, कानाला लावला. मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, विक्रेत्याच्या हातावर टाकला आणि खालून त्याची बोटं धरली. बैलबाजारात सौदा असाच होतो, चारचौघांत भाव फुटू नये म्हणून. त्या पोराला काय ठाऊक! तो घाबरून हात सोडवायला लागला. मी समजूत घातली तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला.

"बरं," भाऊ म्हणाले. "हवा सरत आली की ह्यो काय करतो?"

"वाजतो, काका."

"मंग?"

"आकडा लुकलुकतो."

"मंग?"

"मग तुम्ही वर यायचं."

"मी यीन वो. पर मी मोटारीच्या नादात हाय, मला भान न्हाई. मंग ह्यो वर वढतो का?"

पोरगं आधी हसलं. मग भाऊंचा चेहरा पाहून थांबलं. "नाही काका. ओढत नाही. कुठलाच ओढत नाही."

भाऊंनी हातातला कॉम्प्युटर हळूच काचेवर ठेवला. "नुसता वरडून काय उपेग? न्हाई जमायचं." आणि चपला घालून चालायला लागले!

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पहाटे चारला उठून आळेफाट्याहून एसटी धरलेली, दोन महिने घसा कोरडा करून वाचलेलं, आणि हा बाबा म्हणतो ओढत नाही! कल्याणपर्यंत मी त्यांच्याशी बोललो नाही.

कल्याणला कंडक्टरनं अडवलं. "गॅसची टाकी गाडीत चालणार नाही."

"गॅस न्हाई, हवा हाय," भाऊ म्हणाले.

"कशावरून?"

"ह्ये बगा!" म्हणत भाऊंनी चावी फिरवली. फुस्सकन असा आवाज झाला की पुढच्या चार बाकांवरची माणसं खिडकीतून बाहेर पडायच्या बेतात! मग ड्रायव्हर आला, त्याला दाखवली. स्टँडवरचा साहेब आला, त्याला दाखवली. एका आजीबाईंनी पदर पुढं करून वारा घेतला. आत हवाच आहे हे सगळ्यांना पटेपर्यंत टाकी रिकामी झाली होती. मला इतकं हसू आलं की राग कुठल्या कुठं पळाला.

माळशेज चढताना मात्र मी विचारलं, "भाऊ, असं कुठलं यंत्र माणसाला वर ओढेल? खुळ्यासारखं काय विचारता?"

भाऊ खिडकीबाहेर बघत होते. "ही वढायची ना," ते म्हणाले. "सर, ही आजारी पडली तवा फोटू काढायला नेली व्हती. छातीचा. तिथला मानूस म्हनला, बाई, श्वास धरा. हिनं धरला. फोटू निगाला, त्यो सोड म्हनायचा इसरला, आन् ही आपली तशीच. त्यो घाबरला ना राव! वरडला, अवो बाई सोडा! भाईर आल्यावर मी इचारलं, एवढा दम कुटनं आला तुला? तर हासली. म्हनली, सवय हाय."

"कसली सवय?" मी विचारलं.

"मी खाली ग्येलो की ती वर दम धरून बसायची, सर. तिचा सरला की मला वढायची. तिला पवता बी येत नव्हतं. पंचवीस वर्सं. दर बुडीला. आन् मी दर बुडीला तिला शिव्या दिल्या."

गाडी घाटात वळणं घेत होती. भाऊंनी टॉवेलनं तोंड पुसलं.

"ती ग्येल्यावर येकदा उतरलो. ती पोरं वर किरकेटचं बोलत बसली व्हती. कुनी वढलंच न्हाई. तळाला मला पैल्यांदा भ्या वाटलं. वर माझ्यासाटी कुनाचाच दम आडलेला न्हाई, आसं वाटलं."

 दोन महिने मी या माणसाला नळी आणि बिनतार शिकवत होतो!

पुढच्या उन्हाळ्यात आमच्या शाळेच्याच विहिरीतली मोटार तळाला गेली. पोरांना प्यायला पाणी नाही. मी भाऊंकडे गेलो आणि म्हणालो, "चला. दोर मी धरतो."

भाऊंनी माझ्या पोटाकडे पाहिलं. शाळेचा जिना चढताना मी मध्ये दोनदा थांबतो, हे त्यांना माहीत होतं. मी म्हणालो, "टाकी पण घ्या."

"ती कवाच रिकामी हाय," ते म्हणाले आणि दोर उचलून निघाले.

वहिनी बसायच्या तशी मी कठड्याशी बैठक मारली. दोर मुठीला दोनदा गुंडाळला. भाऊंनी छाती भरली, मीही भरली. ते खाली गेले. पाण्यावरचे बुडबुडे विरले. मी तोंड घट्ट मिटून आकडे मोजायला लागलो. दहा. पंधरा. कानात ठोके पडायला लागले. वीसला डोळ्यांपुढं काजवे. बाजूला उभे असलेले हेडमास्तर काहीतरी विचारत होते, पण मी कसला बोलतोय! पंचविसाला माझा जीव कासावीस झाला आणि सगळी ताकद लावून मी दोर ओढला.

भाऊंचं डोकं वर आलं तेच भडकलेलं. "एवढ्यात वढलं? आरं, मोटार दिसली बी न्हाई आजून! दम व्हता ना..."

मी कठड्याला टेकलो होतो. तोंड लालबुंद, डोळ्यांतून पाणी, भात्यासारखी छाती वरखाली. भाऊ विहिरीच्या पायरीला धरून माझ्याकडे बघत राहिले.

"सर," ते हळूच म्हणाले, "दम धरला व्हता तुमी?"

मी मान हलवली.

भाऊंनी नजर खाली घातली.  मग कुठल्याच विहिरीवर कधी कुणी ऐकलं नव्हतं असं काहीतरी म्हणाले. "बरं क्येलं," ते म्हणाले. "वढलं त्ये लई बरं क्येलं." हे म्हणताना ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या हातातल्या दोराकडे बघत होते.

मग त्यांनी नाक शिंकरलं, कमरेची गाठ चाचपली आणि पुन्हा छाती भरायला लागले.

"आता जरा जास्त धरा," भाऊ म्हणाले. "तिच्या निम्म्यानं तरी."