डोंगरांची हजेरी

गेल्या जानेवारीत मी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीशी पाच मिनिटं बोललो. सकाळचे साडेसहा, आमच्या सुकापूरवर धूर मिसळलेलं धुकं, डोळ्यांत चुरचुर आणि टाकीवर कुणाची तरी वाळत टाकलेली चादर. मला वाटलं, सोसायटीचे सेक्रेटरी. पार्किंगची तक्रार अगदी मुद्देसूद मांडली. सेक्रेटरी नेहमीसारखेच गप्प राहिले, त्यामुळे शंकाही आली नाही.

तेवढ्यात धुक्यातून आवाज आला, "कर्नाळा?"

मी जागच्या जागी थिजलो.

"गैरहजर. प्रबळगड?"

शांतता. पलीकडून आता खरंच कुणीतरी ओ देणार, असं वाटण्याइतकी लांब.

"गैरहजर. आणि टाकीशी बोलून झालं असेल तर इकडे या, कुलकर्णी."

हे आमच्या खालच्या मजल्यावरचे पेणकर सर. आयुष्यभर भूगोल शिकवला. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली, एकटेच राहतात. घराणं कोकणातल्या बेने इस्रायलींचं, म्हणजे मराठी ज्यूंचं. "भाऊबंद, मुलगा, सगळे तिकडे इस्रायलला गेले. डोंगर सांभाळायला कुणीतरी हवं, म्हणून मी राहिलो," असं सांगतात.

रोज सकाळी ते डोंगरांची हजेरी घेतात आणि जिन्यातल्या फळ्यावर खडूने लिहितात, 'तीन गैरहजर. खिडक्या बंद. डोळे चोळू नयेत.' हवा किती वाईट आहे, हे आमची बिल्डिंग मोबाइलवर बघत नाही, फळ्यावर बघते. एकदा डोंगरांहून जवळचे, रोडपालीकडचे टॉवरही दिसेनासे झाले, तेव्हा सरांनी नुसतं 'कुणीही नाही' एवढंच लिहिलं होतं. त्या दिवशी जिना चढताना सगळे कुजबुजत होते.

डोळे लाल दिसले की सर अडवणार. "चोळलात? म्हणजे खडीच्या क्रशरची धूळ स्वतःच्या हाताने पाट्यावर वाटलीत!" माझ्या बायकोने गुलाबपाण्याचं नाव काढलं तर म्हणाले, "वहिनी, ते गुलाबजामात घाला." उन्हाळ्यात डोळे कोरडे पडले की, "मोबाइल बघताना पापण्या मिटता का? अहो, मगरसुद्धा मिटते!" पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली तेव्हा घरोघर जाऊन त्यांनी टॉवेल वेगळे करायला लावले.

पाऊस संपला. एका सकाळी हवा इतकी स्वच्छ होती की कर्नाळ्याचा सुळका हात लांब करून धरावा. सर गच्चीवर उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे होते. गंमत करावी म्हणून मी दबकत त्यांच्या समोर चार पावलांवर जाऊन उभा राहिलो.

"प्रबळगड?"

मी मागे वळून पाहिलं. होता. कडा न् कडा ठळक.

"गैरहजर," सर म्हणाले. "माथेरान?"

तेही होतं.

"गैरहजर." मग थेट माझ्या रोखाने बघत, रोजच्यासारखं शेवटचं नाव, "कुलकर्णी?"

मी नुसता हात वर केला.

"कुलकर्णीही गैरहजर," ते हळूच म्हणाले.

कोवळ्या उन्हात मला हुडहुडी भरली. खोटं कशाला सांगू, मी स्वतःचं मनगट चाचपून पाहिलं.

"सर, मी इथेच आहे. डोंगरही आहेत."

"सगळे?"

"सगळे."

सर कठड्याला टेकले. "म्हणजे धुकं नाही. शुक्रवारी शब्बाथचा दिवा लावतो, तर ज्योतीभोवती रंगांची चक्रं फिरतात. मोतीबिंदू. डॉक्टर म्हणतात, दोन्ही पिकलेत, आणखी थांबलात तर अवघड होईल."

"मग काढून टाका ना! अर्ध्या तासाचं काम."

"काम अर्ध्या तासाचं हो. नंतर महिनाभर थेंब. दिवसातून सहा वेळा. माझा हात थरथरतो. मुलगा तिकडून कसे घालणार?"

त्या दिवशी फळा कोराच राहिला.

मी घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं आणि छाती पुढे काढून म्हणालो, "मी घालीन म्हणतो थेंब."

तिने गॅस बंद केला.

"तुम्ही? लेकीला औषध पाजताना निम्मं उशीला पाजायचात. थेंब मी घालीन. तुम्ही फक्त खाली जा आणि त्यांना घेऊन डॉक्टरांकडून तारीख आणा. आजच. आणि एकट्याने जातो म्हणाले तर ऐकू नका."