परबांच्या घरातली तहान

गेले काही दिवस विनीत परब रोज सकाळी तोंडाला कोरड पडून जागा होत होता. ओठ सुकलेले, जीभ टाळूला चिकटलेली आणि डोकं जड. पहिल्या दिवशी त्याने उन्हाला दोष दिला. पण जुलै महिना होता आणि दिवा उपनगरात आठवडाभर कोणी ऊन पाहिलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आदल्या रात्रीच्या वड्यांना दोष दिला. तिसऱ्या दिवशी दोष द्यायला काही उरलं नाही, तेव्हा तो घाबरला.

"संचिता, पाणी दे ना जरा."

"अहो, झोपायच्या आधी दोन बाटल्या प्यायलात की!"

"तेच तर सांगतोय ना! एवढं पाणी पितो, ते जातं कुठे?"

दिव्यात हा प्रश्न घरोघरी विचारला जातो, पण आजवर तो इमारतीच्या टाकीबद्दल असायचा.

घाबरायला कारण होतं. विनीतच्या वडिलांना, अण्णांना, साखर झाली तीही अशीच, जवळपास याच वयात. आधी तहान, मग गोळ्या, मग इंजेक्शनं आणि शेवटी डोळे गेले. सान्वी झाली तेव्हा अण्णांनी नातीला हातांनी चाचपून पाहिलं होतं. आता सान्वी दुसरीत होती, तिचे पुढचे दोन दात पडले होते, आणि ती हसली की विनीत ते हसू डोळ्यांत साठवून घ्यायचा. हे त्याने कोणालाच सांगितलं नाही. तपासणी करून घ्यायचं तर नावच नको. जोवर तपासलं नाही तोवर साखर नाही, असा त्याचा सरळ हिशेब होता.

त्याने उपाय एकच केला, आणखी पाणी प्यायला लागला. आणखी पाणी प्यायल्यामुळे रात्री चार-चार वेळा उठावं लागलं. वारंवार लघवी हे साखरेचं दुसरं लक्षण, ते जुळलं. झोप मोडल्यामुळे दिवसभर अंग गळून गेलं. तिसरं लक्षण जुळलं. भीतीने त्याने गोड सोडलं, भात सोडला, जेवण निम्म्यावर आणलं, आणि पँट ढिली झाली. चौथं लक्षण जुळल्यावर त्याने पट्ट्याला नवीन भोक पाडलं आणि बाथरूममध्ये जाऊन गुपचूप रडला.

इकडे घरात वेगळाच आकांत. बाहेर धो धो पाऊस आणि नळाला संध्याकाळी जेमतेम तासभर पाणी. त्यातलं प्यायचं पाणी विनीत एकटा संपवत होता. जार विकत आणावे लागत होते. संचिताला आधार होता तो एका मशीनचा. बेडरूमच्या भिंतीला ओल येऊन कपाटामागे बुरशी धरली होती, म्हणून तिच्या भावाने, प्रीतमने, ओल शोषून घेणारं मशीन पाठवलं होतं. रात्रभर चाललं की सकाळी त्याची टाकी भरलेली असायची. भिंत सुकली की नाही हे संचिताने पाहिलंच नाही. तिला फुकटचं पाणी दिसलं. लादी त्यातच पुसायची, संडासातही तेच. मग तिने खिडक्या घट्ट लावून मशीन फुल्लवर ठेवलं. त्याची घरघर सहन होत नाही म्हणून ती सान्वीला घेऊन बाहेरच्या खोलीत झोपायची. विनीतला घरघरीचा त्रास नव्हता, तो स्वतःच त्याहून मोठ्याने घोरायचा.

वरच्या मजल्यावर परशुराम काका राहायचे. शाळेतून निवृत्त झालेले, आणि गेली वीस वर्षं साखरेचे पेशंट. जिन्यात विनीतला पाहून ते थबकले.

"वजन उतरलं का रे?"

"नाही ओ काका, शर्ट मोठा आहे."

"तहान लागते?"

विनीत हातातली बाटली पाठीमागे लपवायला गेला, पण उशीर झाला होता. काकांचा चेहरा उजळला. वीस वर्षं एकट्याने सकाळी फिरायला जाणाऱ्या माणसाला सोबत मिळण्याची चिन्हं दिसत होती.

रविवारी सकाळी काका साखर तपासायचं मशीन घेऊन दारात हजर.

"बोट दे."

"काका, अजून चहा पण नाही झालेला."

"उत्तम! उपाशीपोटीच लागतं."

"आज रविवार आहे, उद्या बघू ना..."

"साखरेला सुट्टी नसते. दे इकडे."

संचिताने नवऱ्याचा हात धरला, काकांनी सुई टोचली, आणि विनीतने डोळे मिटून घेतले.

"ब्याण्णव," काका म्हणाले.

"म्हणजे? किती वाईट?"

"काही वाईट नाही. नॉर्मल आहे." काकांनी हे अशा सुरात सांगितलं की विनीतला क्षणभर काही चुकल्यासारखं वाटलं. मग त्याने काकांना मिठीच मारली. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि इतक्या कोरडेपणात ते कुठून आलं याचं त्यालाच नवल वाटलं.

"मग याला तहान कसली लागते?" काका काही हार मानणारे नव्हते. ते तरातरा बेडरूममध्ये गेले. खिडक्या बंद, मशीन चालू, टाकी काठोकाठ.

"हे रात्रभर असतं?"

"हो ना काका," संचिता कौतुकाने म्हणाली. "बघा, एका रात्रीत किती पाणी देतं!"

"आणि हा तोंड उघडं टाकून याच्या समोर झोपतो! अगं, हे मशीन भिंतीबरोबर तुझ्या नवऱ्यालाही सुकवतंय. इतके दिवस याला पिळून तू लादी पुसत होतीस!"

संचिता हसत हसत खालीच बसली. विनीतही हसला, पण त्याचं सुख त्याला पचेना. इतक्या दिवसांची भीती एका टाचणीएवढ्या सुईने जाते यावर त्याचा विश्वास बसत नव्हता.

"काका, तुमचं मशीन बरोबर दाखवतं ना? नाही म्हणजे, एखाद्या धडधाकट माणसाचं बघून खात्री करूया?"

काकांचा अपमान झाला. पण संचिताने लगेच हात पुढे केला. "घ्या माझं. मीपण अजून चहा नाही घेतलाय. मला काय धाड भरलीय!"

सुई टोचली. काकांनी आकडा पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला.

"जा, हात धुऊन ये."

तिने हात धुतले, पुसले. पुन्हा सुई. मग काकांनी स्वतःचं बोट टोचलं. त्यांचा आकडा रोज यायचा तेवढाच आला.

"मशीन बरोबर आहे," ते हळूच म्हणाले. "संचिता, तुझी दोनशे अठरा आहे. तुला तहान लागते का गं?"

"लागते की. पण हे एवढं पितायत, म्हटलं ह्यांना पुरू दे. मी आपली घोट घोट घ्यायची."

"थकायला होतं?"

"काका, दिव्यात कोणाला होत नाही?"

"वजन?"

"उतरलंय ना! मी खूश होते." हे बोलताना तिचं हसू मध्येच थांबलं.

"घाबरायचं नाही. वेळेवर कळलंय. उद्या लॅबमध्ये नीट तपासा, डॉक्टरला दाखवा. वीस वर्षं मी धडधाकट फिरतोय ना?" काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. सोबतीची आशा त्यांनी या वेळी चेहऱ्यावर येऊ दिली नाही.

साखरेबद्दल जे जे माहीत असायला हवं ते सगळं विनीतला पाठ होतं, पण तो नुसता पलंगाच्या कडेला जाऊन बसला. उलट संचिताच त्याची समजूत घालू लागली. "अहो, तुमचं नॉर्मल आहे ना? मग असे काय बसलात? थांबा, चहा टाकते."

ती ओट्याशी गेली आणि सवयीने साखरेचा डबा काढला. विनीत ताडकन उठला. त्याने माठ कलता करून पाहिला. पेलाभरही पाणी नव्हतं. पहाटे उठून त्यानेच संपवलं होतं. त्याने रिकामा जार खांद्यावर घेतला, तिच्या हातातला डबा काढून काखेत मारला आणि बनियनवरच जिना उतरला. "अहो, शर्ट तरी घाला!" ती मागून ओरडत राहिली.

कोपऱ्यावरच्या वाण्याने जार भरायला घेतला. "परबभाऊ, डब्यात काय?"

"साखर. परत घ्या."

"फोडलेली साखर कोणी परत घेतं का?"

"मग अशीच ठेवून घ्या. आमच्या घरी नको," विनीत म्हणाला. वाण्याने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढे काही न विचारता डबा आत ठेवला.