कप्तान ब्रेडाल यांचं नाक

आसगेइर फडकं मारत होता, एवढंच. कोपर लागलं आणि कप्तान ब्रेडाल यांचं नाक टपकन फरशीवर पडलं. त्याचा पार भुगा झाला.

शाळा जुनी, बिशपांनी काढलेली. तिच्या सभागृहात नामवंत माजी विद्यार्थ्यांचे तपकिरी रंगवलेले प्लास्टरचे अर्धपुतळे रांगेनं बसलेले. त्यात पहिला मान उत्तर ध्रुवाकडचा बर्फ तुडवून आलेल्या ब्रेडालचा. आज शाळेचा वर्धापनदिन. कप्तानाची नात वेन्केबाई फुलं वाहायला घरून निघालीसुद्धा होती. आणि उपमुख्याध्यापकपदासाठी आसगेइरचं, म्हणजे इतिहासाच्या मास्तरांचं, नाव पुढे होतं.

"शाळेचं नाक कापलंस की रे!" पाककलेची शिक्षिका टोरुन म्हणाली.

"टोमणे नकोत, उपाय सांग."

टोरुननं डब्यातल्या पावावरचं तपकिरी चीज काढलं, मळून त्याचं नाक केलं आणि कप्तानाच्या तोंडावर बसवलं. रंग अगदी बेमालूम जुळला.

"बकरीच्या दुधाचा वास येतोय गं."

"ध्रुवावरून आलेला माणूस. अत्तराचा येणार होता का?"

पाहुणे जमले. मुख्याध्यापक इवारनं फोटोसाठी दोन मोठ्या दिव्यांचे झोत थेट पुतळ्यावर सोडले आणि भाषण सुरू केलं. नाक आधी चमकलं, मग वाकलं. शाळेच्या उज्ज्वल परंपरेपर्यंत भाषण आलं, तेव्हा नाक वरच्या ओठापर्यंत आलं होतं. आसगेइर दिवा बंद करायला उठला.

"खाली बस!" इवार दातओठ खात पुटपुटला.

वेन्केबाई काठी टेकत पुढे आल्या. चष्मा चढवून कितीतरी वेळ पाहत राहिल्या.

"हे कुणी केलं?"

आसगेइर पुढे झाला. "मी, बाई. चूक झाली—"

"चूक आधी होती!" म्हातारीचे डोळे भरून आले. "आजोबांचं नाक अस्संच होतं, लोंबतं. मूर्तिकारानं भलतंच सरळ बसवलं, म्हणून आमची आजी मरेपर्यंत या शाळेची पायरी चढली नाही. केवढा अभ्यास केलास रे, लेकरा!"

खरं सांगायला त्यानं तोंड उघडलं. टाळ्यांच्या कडकडाटात ते आपोआप मिटलं.

इवारनं त्याला मिठीच मारली. "उपमुख्याध्यापक झालास म्हणून समज! आता बाकीच्या अकरा जणांचंही बघून घे. इतिहासाशी आपण प्रामाणिक राहिलंच पाहिजे."

आसगेइरनं रांगेकडे पाहिलं. अकराही नाकं अजून सरळ होती.