अत्यावश्यक सुटा भाग

कटिंगमास्तरांना एक पंप हवा होता. काडेपेटीहून थोडा मोठा, कमरेला अडकवायचा आणि बारीक नळीतून पोटात थेंब थेंब इन्सुलिन सोडत राहणारा. पंचवीस वर्षे त्यांनी दिवसातून चार वेळा स्वतःच्या हाताने स्वतःला सुई टोचली होती आणि त्याबद्दल कुणाकडे तक्रार केली नव्हती. पण अलीकडे साखर न सांगता एकदम खाली यायची, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे आणि हात थरथरायचा. कारकुनाचा हात थरथरला तर सही बिघडते. मास्तर छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर होते आणि त्या मशीनचे पाते चार फूट लांब होते.

"पंप लावून घ्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नाहीतर एक दिवस कापलेल्या कागदात बोटं शोधत बसाल."

"केवढ्याला पडतो?"

डॉक्टरीणबाईंनी आकडा तोंडाने सांगितला नाही. कागदावर लिहिला आणि कागद पालथा घालून पुढे सरकवला. मास्तरांनी तो उचलून पाहिला आणि होता तसाच पालथा ठेवला.

"विमा असेल ना तुमचा?"

विमा होता. दर महिन्याला पगारातून त्याचे पैसे न चुकता कापले जात होते, आणि कापण्याच्या कामातली शिस्त मास्तरांना कळत होती. त्यांनी अर्ज केला. दीड महिन्याने उत्तर आले.

"महोदय, आपला अर्ज सहानुभूतिपूर्वक विचारात घेऊन नामंजूर करण्यात येत आहे. एक, आपला आजार आपल्या पॉलिसीपेक्षा वयाने मोठा आहे. दोन, सदर पंप शरीराबाहेर राहतो, आणि आमची पॉलिसी शरीरापुरती आहे. तथापि नळीचे टोक सहा मिलिमीटर शरीराच्या आत जाते, असे निदर्शनास आले आहे. तेवढ्या लांबीचा प्रमाणशीर खर्च मंजूर करण्यात आला असून धनादेश सोबत जोडला आहे."

धनादेशापेक्षा पाकिटावरचे तिकीट जास्त किमतीचे होते.

"अहो, मग डॉक्टरीणबाईंना सांगा," मास्तरीणबाई म्हणाल्या, "सगळा पंपच आत ढकला म्हणावं. आणि जागा उरली तर त्या कंपनीचा मॅनेजरही." त्या घरी शिलाई मशीनवर कापडी पिशव्या शिवत. बोलताना त्यांचा पाय मशीनवरून हलत नसे, पण त्या दिवशी मशीन बराच वेळ बंद होते.

छापखान्याचे हेडक्लार्क हे नियम वाचणारे गृहस्थ होते. लोक वर्तमानपत्र वाचतात तसे ते परिपत्रके वाचत आणि मधूनमधून खुदकन हसत. त्यांनी मास्तरांचे पत्र दोनदा वाचले, तीन दिवस कपाटात डोके घालून बसले आणि चौथ्या दिवशी मास्तरांना बोलावून दार लावून घेतले.

"मास्तर, गेल्या साली तुमच्या मशीनची मोटर जळाली. नवी किती दिवसांत आली?"

"दोन."

"विमा कंपनी हीच. मशीनला कुणी विचारलं का, हा आजार तुला आधीपासून होता का म्हणून?"

"त्याला काय विचारायचं? आणलं तेव्हाच खोकत होतं ते."

"बघा! मशीनचं जुनं दुखणं कंपनीला चालतं. माणसाचं चालत नाही." हेडक्लार्कांनी मशीनची पॉलिसी उघडून बोट ठेवले. "कलम नऊ. 'मशीन चालण्यास अत्यावश्यक असा कोणताही सुटा भाग, त्यास जोडलेल्या उपसाधनांसह.' आता सांगा, तुमच्याशिवाय ते मशीन चालतं?"

"चालायचं कसं? पातं खाली येताना डावीकडे अडतं. तिथं गुडघ्यानं ढुशी द्यावी लागते. किती जोरात, ते माझ्या गुडघ्यालाच ठाऊक."

"झालं तर. तुम्ही सुटा भाग. पंप तुमचं उपसाधन."

"अहो पण मी माणूस आहे."

"तेच तर तुमच्या आड येतंय ना, मास्तर!"

कंपनीचा तपासनीस आला. मास्तरीणबाईही आल्या होत्या, नवऱ्याचे काय करतायत ते डोळ्यांनी पाहायला. तपासनीसाने मास्तरांना मशीनपासून दहा पावले दूर उभे केले आणि स्वतः कळ ओढली. पाते अर्ध्यावर येऊन अडले. त्याने मशीनला लाथ मारली, विनवणी केली, मॅनेजरचे नाव सांगून दम भरला. मशीन ढिम्म. मास्तरांना परत जोडल्यावर ते सुरळीत चालले. "भाग अत्यावश्यक," त्याने लिहिले आणि फॉर्म भरायला घेतला.

"उत्पादक?"

"आईवडील."

"त्यांची सेवा उपलब्ध आहे?"

"दोघंही गेले हो."

तपासनीसाने 'सेवा बंद' असे लिहिले. "असाच दुसरा भाग बाजारात मिळतो का?"

"मिळत असता," मास्तरीणबाई म्हणाल्या, "तर मी केव्हाच बदलून घेतला असता."

पंप दोन दिवसांत आला.

आठवडाभरात मास्तरांच्या हाताची थरथर थांबली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी चहाचा कप काठोकाठ भरून घेतला आणि एक थेंबही न सांडता संपवला. मास्तरीणबाई समोर बसून तो कप पाहत राहिल्या. मग "कप फुटेल, नीट ठेवा," असे काहीतरी म्हणून उठून गेल्या.

पुढचे सगळे नियमानुसार झाले. सुट्या भागावर क्रमांकाची पट्टी लागते. ती रिव्हेट मारून बसवावी असे नियमात होते, पण हेडक्लार्कांनी माणुसकी दाखवून ती शर्टाच्या खिशावर शिवायची परवानगी दिली. हजेरीपटातून मास्तरांचे नाव कमी झाले, कारण मशीनचे भाग हजर राहत नाहीत, असतात. पगार बंद झाला, कारण लोखंडाला पगार देणे हा गैरव्यवहार आहे. तेवढीच रक्कम 'वंगण' या खात्यातून निघू लागली आणि महिनाअखेरीस मास्तरीणबाई वंगण मिळाल्याची सही करू लागल्या.

एवढ्यावर भागले नाही. मशीनचा भाग आवाराबाहेर नेला तर विमा रद्द होत होता. म्हणून रोज संध्याकाळी मास्तरीणबाईंनी गेटपास करून नवरा घरी न्यायचा आणि सकाळी चालू स्थितीत परत आणून द्यायचा, असे ठरले.

"सव्वीस वर्षं बिनपासाचा नेत होते," त्या फाटकावरच्या पहारेकऱ्याला म्हणाल्या, "तेव्हा कुणी विचारलं नाही, चालू आहे की बंद."

"ताई, तेव्हा तो कंपनीचा माल नव्हता," पहारेकरी म्हणाला आणि माल वरपासून खालपर्यंत तपासून त्याने शिक्का मारला.

पण खरे सांगायचे तर मास्तरांचे बरे चालले होते. सव्वीस वर्षांत ज्यांनी त्यांच्याकडे मान वर करून पाहिले नव्हते, ते छापखान्याचे मालक आता रोज सकाळी येऊन "पार्ट कसा आहे?" म्हणून विचारत. पार्टला ऊन लागते म्हणून खिडकीला पडदा आला. आठ तासांवर पार्ट चालवू नये, तापतो, अशी सूचना भिंतीवर लागली. महिन्यातून एकदा तंत्रज्ञ येऊन साखर, रक्तदाब आणि नट-बोल्ट तपासून जाऊ लागला.

साहजिकच इतरांच्या पोटात दुखू लागले. घड्या घालणाऱ्या मावशींच्या कंबरेचे मणके झिजले होते. त्या हेडक्लार्कांकडे गेल्या. "साहेब, माझी कंबर पण लावा की कुठल्यातरी मशीनला."

हेडक्लार्कांना खरोखर वाईट वाटले. "मावशी, तुम्ही घड्या हातानं घालता. तुमच्या हाताखाली एखादं मशीन असतं तर तुम्हाला वाचवता आलं असतं. नुसत्या माणसाला कुठल्या कलमात बसवू?"

असे दीड वर्ष गेले. मग मालकांनी नवीन मशीन आणले. त्याला एक हिरवे बटण होते. बटण दाबले की पाते खाली येई आणि कुठेही अडत नसे. मास्तरांनी सवयीने गुडघा पुढे केला, तेव्हा मशीनने लाल दिवा लावला आणि अडथळा दूर करण्याची सूचना दिली.

जुने मशीन भंगारात काढायचे ठरले. आदेशात लिहिले होते: 'सर्व सुट्या भागांसह.'

मास्तर हेडक्लार्कांकडे धावले. "साहेब, मला परत माणूस करा."

"अर्ज द्या, करतो. अगदी आजच्या आज करतो." हेडक्लार्क चष्मा पुसत राहिले. "पण माणूस झालात की पंप कंपनीला परत जाईल. आणि तुमचा आजार पुन्हा जुना होईल."

"पंप एवढा राहू द्या. बाकी माझं काय ते होऊ दे."

"उपसाधन भागापासून वेगळं करता येत नाही, मास्तर. भाग जिथं जाईल तिथं पंप जाईल. आणि भाग भंगारात चाललाय."

मास्तरांनी कमरेवर हात ठेवला. हाताखाली ते यंत्र बारीक टिकटिकत होते. त्यांनी अर्ज दिला नाही.

भंगारवाला काटा घेऊन आला. मशीन तुकड्यातुकड्यांनी तोलले गेले, मग मास्तरांना काट्यावर उभे केले. एकसष्ट किलो. तेवढ्यात मास्तरीणबाई आल्या. त्यांनी आधी मास्तरांच्या कमरेला पंप आहे ना ते चाचपून पाहिले, आणि मग पदर खोचला.

"काय भाव लावलास रे यांना?"

"लोखंडाचा, बाई."

"लोखंड कुठाय यात? हाडं आणि कुरकूर. घरी घेऊन गेलास तर तुझी बायको तुला काट्यावर बसवेल."

"बाई, कमरेला चालू पंप आहे. त्याचे पैसे नकोत?"

"चालू आहे कारण तो यांना लावलाय. काढलास की दोन्ही बंद. मग विकत बस तुकडे." भंगारवाल्याने ते ऐकले आणि काट्याकडे पाहण्याचे निमित्त केले.

"बरं, रद्दीच्या भावानं घ्या," तो म्हणाला. "जन्म कागदातच गेलाय ना यांचा."

मास्तरीणबाईंनी पिशव्यांचे पैसे मोजले. छापखान्याच्या कपाटातला पंपाच्या सुट्या नळ्यांचा खोकाही त्यांनी मालात धरायला लावला. पावतीवर 'जुना भाग, पंपासह, नग एक' असे लिहून घेतले.

"स्वस्तात पडलं बाई तुम्हाला," पावती फाडताना भंगारवाला म्हणाला. "माणूस म्हणून पंप घ्यायला गेला असतात, तर जन्मात परवडला नसता."

मास्तर आता घरीच असतात. पिशव्यांचे बंद कापून देतात, आणि एकही बंद वाकडा जात नाही. नळ्या सहा महिने पुरतील. सातव्या महिन्यासाठी हेडक्लार्क कलम शोधत आहेत.

हेडक्लार्कांच्या दाराशी मात्र हल्ली रांग असते. छापखान्यातलेच नव्हे, बाहेरचेही लोक येतात, शिकलेले, इस्त्रीचे कपडे घातलेले. त्यांच्यासाठी हेडक्लार्कांनी एकपानी फॉर्म छापून घेतला आहे. त्यात दोनच रकाने आहेत. 'आपणास काय होते?' हा खालचा रकाना लोक भराभर भरतात, जागा पुरली नाही तर पाठीमागेही लिहितात. वरच्या रकान्यात विचारले आहे, 'आपल्यावाचून काय बंद पडते?'

तिथे सगळ्यांचे पेन थांबते. काही जण घरी जाऊन विचारून येतो म्हणतात आणि परत येत नाहीत. फॉर्म फुकट आहे. हेडक्लार्कांनी तुमच्यासाठीही एक काढून ठेवला आहे, वरचा रकाना जरा मोठा ठेवून, विचार करायला वेळ लागला तर पेन टेकवायला जागा हवी म्हणून.