काकूंच्या वजनाचं मशीन

मापकाकांचं वॉशिंग मशीन दुरुस्त झालं. अगदी ठणठणीत! तासाभराचं काम, एक किरकोळ बिल, आणि मशीन असं गप्प झालं की ते सुरू आहे की बंद हे बघायला आता वाकून दिवा पाहावा लागतो.

हे वाचकांनी कृपया विसरावं. काकांच्या मते तसं काही घडलेलंच नाही. त्यांच्या वयाचा मान ठेवून आपणही ते घडलं नाही असंच धरून चालू.

काकांनी एकतीस वर्षं वजनमापं तपासायच्या खात्यात काढली. दुकानात शिरायचं, तराजू उचलायचा, वजनाखालची मोहोर बघायची आणि दुकानदाराचा चेहरा पडेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर तराजू सुटले, न बोलणं तेवढं राहिलं. दिवसाकाठी घरात त्यांचे अकरा शब्द खर्च व्हायचे. त्यातले चार ‘चहा झाला का गं’ हे!

मशीन घेतलं अकरा वर्षांपूर्वी. काकांनी त्यासाठी सव्वीस रकान्यांचा तक्ता केला होता. सातवा रकाना ‘सुटे भाग किती वर्षं मिळतील’, एकोणिसावा ‘बिघाड झाल्यास दुकानदाराची अपेक्षित मुद्रा’. काका दुकानात चष्मा पुसत असतानाच काकूंनी एका मशीनच्या झाकणावर तळवा ठेवला आणि म्हणाल्या, “हे.”

“हे का?”

“गार लागतंय हाताला. छान आहे.”

या शास्त्रीय निकषावर मशीन घरी आलं.

कंपनीचा माणूस बसवायला येणार होता, तर काकांनी त्याला फोनवरच परतवलं. “माझ्या घरातलं यंत्र मी बसवतो! अर्धा मिलिमीटर तिरकं सापडलं तर मला सांगायचं!” आणि खरंच त्यांनी ते धुण्याच्या बाल्कनीत असं सरळ बसवलं की त्याच्यावर गोटी ठेवली तर ती बिचारी कुठे जावं या विचारात दिवसभर तिथेच राहावी. मशीनच्या पाठीला चार बोल्ट होते आणि प्रत्येकाला एक लाल पट्टी. काकांनी पट्टीवरून बोट फिरवलं आणि आदराने हात मागे घेतला. मोहोर! ज्यानं लावली त्यानेच काढायची. दुसऱ्याने हात लावला की गुन्हा. या गुन्ह्याखाली त्यांनी स्वतः चारशे दुकानदारांवर खटले भरले होते.

पहिलं धुणं निम्मं होईतो बरं चाललं. मग पिळायची वेळ आली आणि मशीन अंगात आल्यासारखं घुमायला लागलं. बाल्कनीचं ग्रिल वाजलं, घरातल्या बरण्या वाजल्या, काकांची कवळी वाजली. काका पुढून दोन्ही हातांनी मशीन दाबून उभे राहिले, पण ते ऐकेना. शेवटी काकूंनी स्टूल ओढलं, पदर खोचला आणि सरळ वर चढून बसल्या. मशीन वरमलं. थांबलं नाही, नुसतं थरथरत राहिलं.

“बघितलंस?” काका म्हणाले. “यंत्र उत्तम आहे. थोडं वजन कमी पडत होतं.”

तेव्हापासून दहा-एक वर्षं, आठवड्यातून दोनदा, बारा-बारा मिनिटं असंच चाललं. काकू वर पाय लोंबकळत ठेवून, काका पुढून रेटा देऊन. दोघांची तोंडं हातभर अंतरावर. दुसरीकडे बघायला जागा नाही, हात मोकळे नाहीत, पळून जायची सोय नाही. मग काय करणार? बोलायचे! काकूंचा आवाज मशीनबरोबर थरथरत यायचा. “अ-अ-अहो, प-प-पडदे बदलूया का?” काकाही उत्तर द्यायचे, तेही पूर्ण वाक्यात! लेकीला स्थळ बघायचं ठरलं ते मशीनवर. काकांच्या बढतीची हकिगत काकूंना कळली ती मशीनवर, अडीच वर्षं उशिरा. एकदा तर काका एक विनोदही बोलले म्हणतात. तो कोणता, हे काकूंनाच माहीत.

गेल्या वर्षी काकू आजारी पडल्या. तरी शेवटचे तीन महिने सोडले तर बसायच्या. त्याच सुमाराला मशीन बोटभर सरकायला लागलं, मग दोन बोटं. काकांनी वहीत तारीखवार नोंद केली: ‘यंत्राची पकड सैल होत आहे.’ एकतीस वर्षं दुसऱ्यांची वजनं तपासलेला माणूस! वर बसलेलं माणूस हलकं होत चाललंय, हे काही त्या वहीत आलं नाही.

काकू गेल्या त्याला आता पाच महिने झाले.

पहिले चार महिने काकांनी कपडे हाताने धुतले. पाचव्या महिन्यात त्यांनी मशीन लावलं आणि आवाजाचा खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंना त्रास नको म्हणून बाल्कनीचं दार आतून नीट ओढून घेतलं. पिळायची वेळ आली. मशीन घुमलं, उचकलं आणि वासराने दावं तोडावं तसं निघालं. काका आडवे आले, पण ते काकांना वळसा घालून थेट दाराला पाठ लावून उभं राहिलं. दार बाल्कनीत उघडणारं!

“बाई!” काका ग्रिलमधून ओरडले. “अहो बाई! मी अडकलोय!”

शिक्षिकाबाईंनी खालून मान वर केली. “कशात?”

“बाल्कनीत! मशीन दारात आडवं आलंय!”

“मग ढकला ना ते!”

“ढकलतोय! तेही मला ढकलतंय!”

बाईंचा फोन गेल्यावर लेक तासाभराने आली, तिने आतून दार रेटून उघडलं तेव्हा काका ओल्या कपड्यांच्या ढिगावर बसून होते. “बाबा, आता नवीन घेऊया,” ती म्हणाली. काका म्हणाले, “कशाला? यंत्र उत्तम आहे. थोडं वजन कमी पडतंय.”

दुसऱ्या दिवशी काकांनी वजनाचा प्रश्न हाती घेतला. चोपन्न किलो दोनशे ग्रॅम. हा आकडा काकूंच्या जुन्या कार्डावर होता. दवाखान्याच्या शेवटच्या कार्डावर एकेचाळीस लिहिलेलं होतं. तो आकडा काकांनी अधिकाराच्या नात्याने अग्राह्य ठरवला.

मग जमवाजमव सुरू झाली. शिलाई मशीन, खलबत्ता, दोन शब्दकोश, वाळूची बादली, लेकीचे शाळेतले डंबेल्स आणि कसर भरून काढायला दोनशे ग्रॅमची साबणाची वडी. सगळं तोलून, बांधून मशीनवर चढवलं. ग्रॅमचाही फरक नाही! पिळणं सुरू झालं. तीस सेकंद सगळं जागेवर होतं. काकांना बोलावंसंही वाटलं. त्यांनी तोंड उघडलं, “अगं–” आणि समोर खलबत्ता दिसला.

त्यानंतर दोर तुटला. खलबत्ता उडाला, वाळू उधळली आणि शिलाई मशीन फरशीवर असं आदळलं की खाली शिक्षिकाबाईंच्या छताचा पोपडा नेमका त्यांच्या चहात पडला. बाई कप घेऊनच वर आल्या.

“काका, हे काय आहे?”

काकांनी कपात पाहिलं. “साधारण चाळीस ग्रॅम,” ते म्हणाले.

यानंतर लेकीने ऐकलं नाही. रविवारी ती त्यांना दुकानात घेऊन गेली. तिने फोनवर दोनशे लोकांची मतं वाचली होती. काकांनी जुना तक्ता आणला होता. विक्रेता तरतरीत होता. दात एवढे पांढरे की मशीनं पिवळी वाटावीत.

“हे बघा सर, दहा वर्षांची वॉरंटी!”

“कशाला? अख्ख्या मशीनला?”

“मोटरला, सर.”

“मोटर सोडून बाकीचं?”

“बाकीचं दोन वर्षं.”

“तिसऱ्या वर्षी आतला बोर्ड गेला तर काय पडेल?”

विक्रेत्याने खर्च सांगितला. काकांनी मशीनची किंमत पाहिली, मग विक्रेत्याकडे पाहिलं. चारशे दुकानदारांचे चेहरे जसे पडले होते तसा हाही पडला. “म्हणजे बोर्ड गेला की जवळजवळ निम्मं मशीनच परत विकत घ्यायचं,” काका म्हणाले. “आणि तो गेल्याशिवाय राहणार नाही.”

“मग हे बघा ना सर, यात बोर्ड साधा आहे, भाग सगळीकडे मिळतात.” विक्रेत्याने पाण्याविना मशीन फिरवून दाखवलं. त्यावर एक नाणं कडेवर उभं करून ठेवलं. नाणं हललं नाही. लेकीने टाळी वाजवली.

काकांनी झाकणावर तळवा ठेवला. गार होतं. मग त्यांनी जवळची खुर्ची ओढली आणि भर दुकानात त्या मशीनवर चढून बसले.

“सर! सर, उतरा!”

“हे हलत का नाही?”

“तेच तर याचं वैशिष्ट्य आहे, सर!”

“मग वर कोणी बसायचं नाही?”

“कशाला बसायचं?”

या प्रश्नाला तक्त्यात रकाना नव्हता. काका तसेच बसून राहिले. खाली लेक त्यांचा हात धरून, “बाबा, लोक बघतायत,” म्हणत होती, आणि लोक खरंच बघत होते.

घरी येताना तडजोड झाली. आधी मेकॅनिक बोलवायचा. दुरुस्ती नव्या मशीनच्या निम्म्याहून महाग निघाली तर जुनं काढायचं, नाहीतर ठेवायचं. काका अख्ख्या रस्त्यात पहिल्यांदाच ताठ चालले. यंत्र उत्तम होतंच!

कंपनीचा मेकॅनिक आला. पन्नाशीचा, शांत माणूस. काकांनी त्याला दर दोन मिनिटांनी सूचना दिल्या. पाचव्या सूचनेनंतर लेकीने त्यांना आतल्या खोलीत बसवलं आणि बाहेरून कडी घातली. आत त्यांना मशीन ओढल्याचा आवाज आला, मग करवतीचा, मग बराच वेळ काहीच नाही.

लेकीने कडी काढली. “बाबा, चला! झालं!”

“पिळायचं राहिलं ना अजून.”

“पिळतंय ते!”

काका बाल्कनीत आले. मशीन पिळत होतं. ग्रिल गप्प, बरण्या गप्प. मेकॅनिकच्या तळहातावर चार गंजके बोल्ट होते, प्रत्येकाला लाल पट्टीची एकेक चिंधी.

“वाहतुकीचे बोल्ट, काका. गाडीतून आणताना आतला ड्रम आपटू नये म्हणून लावतात. बसवताना पहिल्यांदा हेच काढायचे असतात. तुम्ही अकरा वर्षं ड्रम जखडून मशीन चालवलंत! दुसरं असतं तर दोन महिन्यांत मोडलं असतं. बघा ना, पट्टीवरच लिहिलंय, वापरण्याआधी काढा.”

काकांनी मोहोर समजून त्या पट्टीवर आदराने बोट फिरवलं होतं. वाचली मात्र नव्हती. “म्हणजे,” ते म्हणाले, “तिला इतकी वर्षं उगाचच...”

“कोणाला, काकूंना?” मेकॅनिक बिल लिहीत म्हणाला. “त्यांना माहीत होतं की! पाच वर्षांपूर्वी दाराचं रबर बदलायला मीच आलो होतो. तुम्ही ऑफिसात होता. मी म्हटलं, पाच मिनिटांत काढून देतो. त्या नको म्हणाल्या. कुठे आहेत त्या?”

“आई गेली,” लेक म्हणाली.

मेकॅनिकचं पेन थांबलं.

“का नको म्हणाली?” काकांनी विचारलं.

“जाऊ द्या, काका.”

“का?”

मेकॅनिकने लेकीकडे पाहिलं, मग मशीनकडे. “म्हणाल्या, ‘राहू दे. हे हलायचं थांबलं तर ते आत जाऊन पेपर वाचत बसतील.’”

मशीनने बारीक शीळ घातली. कपडे झाले होते.

“लावा ते परत,” काका म्हणाले.

“काका?”

“बोल्ट! परत लावा!”

“कापून काढलेत, काका. आटे गेलेत आतले. आणि लागले तरी कोणी लावून देणार नाही.”

काकांनी हुज्जत घातली नाही. बिल दिलं, पावती तपासली, बेरीज बरोबर आहे म्हणाले. गुरुवारी मशीन लावलं. पिळायची वेळ आली तेव्हा पुढे उभे राहून त्यांनी दोन्ही तळवे टेकले, जोर लावला आणि बारा मिनिटं तसेच उभे राहिले. मशीनला काहीच गरज नव्हती. त्या दिवशी काकांचे अकरा शब्दही शिल्लक राहिले.

संध्याकाळी ते टेबलाशी बसले, समास आखला आणि कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाला अर्ज लिहिला. पोच मागून तो स्वतः नेऊन दिला. तिथल्या बाईंनी तो दोनदा वाचला, मग शेजारच्या बाईंना दाखवला, आणि दोघींनी मिळून तो कोणत्या रकान्यात टाकायचा ते शोधलं. रकाना सापडला नाही. अर्ज असा:

‘विषय: दुरुस्ती रद्द करून मिळणेबाबत.

महोदय, आपल्या अधिकृत मेकॅनिकने सदर यंत्र कोणताही दोष शिल्लक न ठेवता दुरुस्त केले आहे. मेकॅनिकची चूक नाही. पट्टी न वाचण्याची चूक सर्वस्वी अर्जदाराची असून तो त्याबद्दल होईल तो दंड भरण्यास तयार आहे. यंत्र आता हलत नाही. त्यामुळे ते धरून उभे राहण्याचे कारण उरलेले नाही, व अर्जदाराचे काही बोलणे राहून गेले आहे.

तरी सदर यंत्र पूर्ववत नादुरुस्त करून मिळावे, ही नम्र विनंती.’