चुकलेली नाणी, सुधारणारे सासरे

मी संशयी माणूस नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मी सावध आहे. संशयी माणूस कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघतो. मी दोनदाच ओढतो!

आणि सावध राहण्यासारखं माझ्याकडे काहीतरी होतं. गेली अकरा वर्षं मी चुकलेली नाणी जमवतोय. चुकलेली म्हणजे हरवलेली नव्हेत, टाकसाळीत छापतानाच ज्यांचं नशीब फुटलं, ती! कुणाचा ठसा तिरक्या टोपीसारखा एका बाजूला सरकलेला. कुणावर दोनदा ठसा बसल्यामुळे आकडा झिंगल्यासारखा दुहेरी दिसणारा. कुणाची कड उंदरानं कुरतडावी तशी गायब. असं नाणं तिथल्या तपासणीतून चुकून सुटतं आणि लाखो लोकांच्या हातांतून जातं, पण त्याच्याकडे नीट बघणारा एकच असतो. तो मी!

माझी योजना पंचवीस वर्षांची. विकत एकही घ्यायचं नाही, कुणाकडे मागायचं नाही, फक्त वाट बघायची. मी पोहण्याच्या तलावावर तिकीट खिडकीत बसतो. लोक ओल्या हातांनी नाणी आपटतात, मी ती फडक्यानं पुसतो, उलटसुलट करून बघतो. चुकलेलं दिसलं की माझ्या खिशातलं चांगलं नाणं गल्ल्यात आणि चुकलेलं खिशात. गल्ल्याला तोटा नाही, कुणाची तक्रार नाही. अशी चौसष्ट नाणी अल्बममध्ये झाली होती. निवृत्तीच्या दिवशी दीडशे होणार आणि जग तोंडात बोट घालणार, हे ठरलेलं होतं.

जगाच्या आधी सासऱ्यांनी बोट घातलं, आणि तेही अल्बममध्ये!

पण हे मला फार उशिरा कळलं. सासरे आमच्याकडे महिनाभर राहायला आले, कारण त्यांच्या घराच्या छताची दुरुस्ती चालू होती. चाळीस वर्षं कारखान्यात फिटर. एका जागी बसवत नाही आणि बिघडलेलं काही बघवत नाही. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी आमचा करकरणारा दरवाजा गप्प केला, तिसऱ्या दिवशी गळका नळ, चौथ्या दिवशी डुगडुगणारं टेबल. मी कौतुकानं बायकोला म्हणालो, "बाबांच्या हाताला गुण आहे हं!"

त्या रविवारी मी नेहमीप्रमाणे अल्बम उघडला. तिसऱ्या पानावर, जिथे कुरतडलेल्या कडेचं नाणं होतं, तिथे एक गुळगुळीत, गोल गरगरीत, निर्दोष नाणं बसलं होतं! मी पान उलटलं. आणखी एक निर्दोष! पुढे आणखी दोन! चार हिरे गेले आणि त्यांच्या जागी चार काचेचे तुकडे!

चोर साधा नव्हता. साधा चोर नाणं नेतो आणि कप्पा रिकामा ठेवतो. हा बदली माणूस बसवून गेला होता.

घरात माणसं तीन. मी चोर नव्हतो, निदान तशी आठवण तरी नव्हती. उरले दोघे. मी बायकोला सहज विचारल्यासारखं विचारलं, "हल्ली काही खरेदी चाललीय का गं?"

"कसली खरेदी?"

"नाही, म्हटलं, अचानक हातात पैसे आलेत की काय..."

"माझ्या हातात? तुमच्या हातून सुटले तर येतील!" एवढं बोलून तिनं माझ्याकडे रोखून बघितलं. "का हो? तुम्ही काही लपवताय का?"

पहिली चाल अंगाशी आली. म्हणून मी सापळा लावला. अल्बमच्या कडांवर बायकोची गुलाबाच्या वासाची पावडर भुरभुरली. हात लावेल त्याच्या बोटांवर पुरावा! बुद्धीची किती तीक्ष्ण धार, असं मनात म्हणत मी सोमवारी कामावर गेलो.

संध्याकाळी आलो तो पाचवं नाणं गेलेलं. पावडरही विस्कटलेली! सासरे खिडकीशी बसून वर्तमानपत्र वाचत होते आणि त्यांच्या बाहीवर पांढरा पट्टा होता. पण सापडला म्हणून ओरडणार तेवढ्यात मागून आवाज आला, "हे काय आहे?"

बायकोच्या हातात मी आल्या आल्या काढून टाकलेला शर्ट होता. कॉलरवर पावडर!

"अगं, ती तुझीच..."

"माझी? मी तो डबा महिनाभर उघडलेला नाही. आणि वासही घेतलाय मी. गुलाब! सकाळी तुम्ही शीळ वाजवत गेलात तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती."

आता हिला सापळ्याबद्दल सांगावं, तर समोर संशयित वर्तमानपत्राआडून ऐकतोय. सांगू नये, तर मीच संशयित! मी म्हणालो, "उद्या सगळं उघड होईल."

"उद्या? म्हणजे उद्या भेटायचं ठरलंय तर!"

मंगळवारी मी कामावर रजा टाकली, घरी सांगितलं नाही. डबा घेऊन नेहमीसारखा निघालो आणि कोपऱ्यावरच्या चपलांच्या दुकानाआड उभा राहिलो. सासरे रोज दहाला "पाय मोकळे करून येतो" म्हणून बाहेर पडत. बरोबर दहाला ते आले. पाय मोकळे करणाऱ्या माणसाची चाल ती नव्हती! उजवा हात खिशात घट्ट, पावलं झपझप, आणि मध्येच मागे वळून बघणं. मी पटकन एक बूट उचलून तोंडासमोर धरला. दुकानदार म्हणाला, "साहेब, तो लहान मुलांचा आहे."

सासरे रस्ता ओलांडून बँकेत शिरले. बँकेत! म्हणजे लॉकर! म्हणजे गोष्ट पद्धतशीर होती!

मीही आत गेलो आणि दाराशी मोठ्या कुंडीतलं पानांचं झाड होतं, त्याच्यामागे उभा राहिलो. सासरे कॅशियरच्या खिडकीशी वाकून काहीतरी कुजबुजत होते. जाड चष्म्याचा कॅशियर खाली वाकून बघत होता आणि त्याचे डोळे मला ओळखीचे वाटले. म्हणजे माणूस नव्हे, नुसते डोळे! आरशात रोज बघतो मी ते. चुकलेलं नाणं बघतानाचे!

"काय पाहिजे?" माझ्या कानाशी जाड आवाज आला. बँकेचा पहारेकरी.

"काही नाही. जरा... बघतोय."

"पंधरा मिनिटं झाडामागून बघताय. कॅशच्या खिडकीकडे. डब्यात काय आहे?"

"पोळी-भाजी!"

"उघडा."

मी डबा उघडत होतो तेवढ्यात दार धाडकन ढकलून बायको आत आली. ती माझ्या मागावर होती! चेहरा लालबुंद. "कुठाय ती?"

"कोण?"

"पावडरवाली!"

अख्खी बँक वळली. पहारेकऱ्यानं आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं आणि सहानुभूतीनं माझा डबा परत दिला. सासरेही वळले. "अरे, जावईबापू? तुम्ही इथे? आणि तू गं?"

"बाबा, तुमच्या खिशात काय आहे?" मी पुढे होऊन विचारलं.

सासरे अवघडले. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि खांद्यावर हात ठेवला. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नव्हतो. अहो, तुम्ही साधे आहात. लोक तुम्हाला फसवतात. तुमच्या त्या वहीत बघितलं, एक नाणं धड नाही! कुणी वाकडं दिलंय, कुणी तुटकं. खिडकीत बसून सगळ्यांची खोटी नाणी तुम्ही घेता आणि बिचारे घरात लपवून ठेवता. म्हटलं, जावयाची लाज झाकावी. रोज एक आणून इथे बदलून घेतो आणि चांगलं वहीत ठेवतो. हे सहावं. एकदम आणली असती तर बँकेनं संशय घेतला असता."

अकरा वर्षांची तपश्चर्या आणि हा भला माणूस रोज सकाळी तिची दुरुस्ती करत होता! रागवायचं कुणावर? त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं!

"ती चुकलेलीच हवी असतात, बाबा," मी एवढंच म्हणालो.

"चुकलेली हवी असतात? कशाला?" त्यांना ते शेवटपर्यंत पटलं नाही.

मी खिडकीकडे धावलो. "ती सहा नाणी कुठे आहेत?"

कॅशियरनं चष्मा पुसला. "रद्दीत गेली."

"खोटं! तुम्हीही जमवता!"

तो आधी दचकला, मग सावरून हसला. "माझी चांगली सहा नाणी मी गल्ल्यात टाकली आणि ती घेतली. गल्ल्याला तोटा नाही, कुणाची तक्रार नाही."

माझीच वाक्यं तो मला ऐकवत होता. शेवटी तो म्हणाला, "शनिवारी दुपारी तुमचा अल्बम बघायला येतो. काही अदलाबदल जमली तर बघू."

घरी येताना बायको पावडरीचं सगळं ऐकून इतकी हसली की दोनदा रस्त्यात थांबावं लागलं. सासऱ्यांना मात्र अपराधी वाटत होतं, आणि फिटरला अपराधी वाटलं की तो हातोडा उचलतो. बुधवारी ते आपल्या घरी जाऊन लोखंडी वाइस घेऊन आले, म्हणजे टेबलाच्या कडेला पिळून बसवायचा दणकट शिकंजा. शुक्रवारी त्यांनी माझ्यापुढे बशी ठेवली. बशीत सहा नाणी! एक कापलेलं, एक ठोकलेलं, एक वाकवलेलं...

"घ्या. सहाची भरपाई. आणखी बिघडवून हवी असतील तर सांगा."

त्यांचं मन मोडवेना. मी ती अल्बमच्या शेवटच्या पानावर ठेवली.

शनिवारी कॅशियर आला. माझी पानं तो तोंड वाकडं करत उलटत होता. "साधारण... बरं आहे... हे माझ्याकडे तीन आहेत..." आणि शेवटच्या पानावर त्याचा श्वासच अडकला! "हे! ह्याच्यावर दुसऱ्या नाण्याचा उलटा ठसा आहे! आकडा आरशातल्यासारखा! कुठे मिळालं?"

मी खरं तेच सांगितलं. "सासऱ्यांनी केलंय. दोन नाणी एकावर एक ठेवून वाइसमध्ये दाबली."

कॅशियरनं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "हं. मला नको वाटावं म्हणून सांगताय."

"देवाशपथ खरं! बाबा, सांगा ना यांना."

"मीच केलं," सासरे म्हणाले. "दहा मिनिटांचं काम."

"सगळं घर पढवून ठेवलंय!" कॅशियर उठून उभा राहिला. "मी काय आज जमवायला लागलोय? तुमची सहाच्या सहा परत देतो, हे मला द्या. आणि हे असं खोटं बोलणं तुम्हाला शोभत नाही!"

मी तीनदा नाही म्हणालो. दर नकाराला त्याची खात्री वाढत गेली. शेवटी त्यानं सहा नाणी टेबलावर ठेवली, ते एक उचललं आणि मी मागे धावेन की काय अशा भीतीनं जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरून गेला.

काल त्याचा फोन आला. त्याच्या नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळातल्या दोघा जाणकारांनाही तसंच नाणं हवंय आणि माझ्याकडे आणखी आहेत, हे मी लपवतोय, अशी त्यांची खात्री आहे. मी फोन ठेवला तर सासरे शेजारच्या खोलीत वाइसला तेल घालत होते.

वाइसचा दांडा मी सध्या लपवून ठेवलाय. कुठे, ते इथे लिहीत नाही. हे सासरेही वाचतात.